लाखभर मेलबॉक्स डिस्कवर मांडायचे कसे?

मेल सर्व्हरवर नवं खातं उघडलं की त्या खात्याची डाक ठेवायला डिस्कवर एक डिरेक्टरी तयार होते. खाती शे-दोनशे असेपर्यंत या डिरेक्टरी कुठे आणि कशा पडल्या आहेत याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. सगळ्या एकाच ठिकाणी, शेजारी शेजारी. चालतंय ना, मग झालं.

हे चालणं बंद पडण्याचा एक जुना, नमुनेदार किस्सा आहे. लिनक्सच्या ईएक्सटी३ या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइल मांडायची व्यवस्था) सगळे मेलबॉक्स एकाच डिरेक्टरीत असतील, तर ३१,९९८ खाती उघडतात आणि त्यापुढचं उघडत नाही. डिस्क निम्मी रिकामी असते, परवानग्या ठीक असतात, तरी सर्व्हर म्हणतो 'टू मेनी लिंक्स'. ही संख्या आकाशातून पडलेली नाही. प्रत्येक उपडिरेक्टरीत दोन टिंबांची एक नोंद असते. 'वर जा' म्हटलं की कुठे जायचं, हे ती नोंद सांगते. अशी प्रत्येक नोंद म्हणजे वरच्या डिरेक्टरीला जोडलेली एक लिंक. ईएक्सटी३ एका डिरेक्टरीला ३२,००० लिंकपर्यंतच मुभा देते, आणि त्यातल्या दोन ती डिरेक्टरी जन्मतःच वापरून बसलेली असते. उरतात ३१,९९८.

पुढच्या ईएक्सटी४ने ही भिंत पाडली, एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर ती तशी कधी जाणवलीच नाही. त्यामुळे आज कुणी विचारलं की 'मेलबॉक्सच्या डिरेक्टरी अजूनही वेगवेगळ्या कप्प्यांत वाटून ठेवायला हव्यात का', तर उत्तर सरळ 'हो' असं देता येत नाही. वाटून ठेवायच्या, पण कशासाठी हे नीट कळलं पाहिजे. नाहीतर कुठल्यातरी जुन्या मार्गदर्शिकेतून कप्प्यात कप्पा अशी तीन पातळ्यांची मांडणी उचलली जाते आणि पुढची दहा वर्षं तिचं ओझं वाहावं लागतं.

आधी थोडं मागे जाऊ. जुनी पद्धत अशी होती की एका माणसाची सगळी डाक एकाच लांबलचक फाइलमध्ये, एकामागून एक. तिला एमबॉक्स म्हणतात. नवीन पत्र आलं की शेवटी चिकटवायचं; मधलं एखादं काढायचं तर फाइल पुन्हा लिहायची. एकाच वेळी पत्र येतंय आणि वाचणारा जुनं पुसतोय, अशी वेळ आली की फाइलला कुलूप लावणं भाग. नेटवर्कवरच्या डिस्कवर ही कुलपं भरवशाची नसत. डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९०च्या दशकात क्यूमेल हा मेल सर्व्हर लिहिताना यावर मेलडिर हा तोडगा काढला: एक पत्र म्हणजे एक फाइल. पत्र आधी 'टीएमपी' या उपडिरेक्टरीत पूर्ण लिहायचं, मग ते 'न्यू'मध्ये सरकवायचं, आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ते पाहिलं की 'कर'मध्ये. फाइल सरकवणं हे एका झटक्यात होतं, अर्धवट राहत नाही, म्हणून कुलपाची गरजच उरली नाही.

किंमत मोजावी लागली ती संख्येत. प्रत्येक मेलबॉक्स म्हणजे स्वतःची एक आणि आतल्या तीन, अशा किमान चार डिरेक्टरी. एक लाख खाती म्हणजे पहिलं पत्र यायच्या आधीच चार लाख डिरेक्टरी. मांडणीचा प्रश्न इथून सुरू होतो.

डिरेक्टरी म्हणजे शेवटी नावांची यादी. ईएक्सटी२मध्ये ती यादी अगदी साधी होती. दहा अक्षरांच्या एका नावाला वीस बाइट लागतात; एक लाख नावं म्हणजे वीस लाख बाइट, म्हणजे चार किलोबाइटचे जवळपास पाचशे ठोकळे. एखादं नाव शोधायचं तर पहिल्यापासून वाचत जायचं, सरासरी निम्मी यादी पालथी घालायची. पुढे ईएक्सटी३मध्ये डिरेक्टरीच्या आतच नावांचा झाडासारखा निर्देशांक आला आणि ईएक्सटी४मध्ये तो नेहमीचा झाला. एक्सएफएसकडे अशी रचना आधीपासून होती. म्हणजे 'एका डिरेक्टरीत जास्त नोंदी असल्या की नाव शोधायला वेळ लागतो' हे जे कारण सगळीकडे दिलं जातं, ते आजच्या सर्व्हरवर बरंचसं शिळं झालेलं आहे.

शिळी न झालेली कारणं वेगळीच आहेत. एका डिरेक्टरीत नवी फाइल घालताना किंवा असलेली काढताना लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, त्या डिरेक्टरीला कुलूप लावतं. एकाच डिरेक्टरीत सतत भर-काढ चालू असेल, तर सोळा प्रोसेसर असूनही कामं रांगेत उभी राहतात. दुसरं कारण म्हणजे माणसं आणि त्यांची हत्यारं. लाख नोंदींच्या डिरेक्टरीत साधं 'एलएस' दिलं की ते आधी सगळी नावं गोळा करतं, मग क्रम लावतं, मग दाखवतं. तोवर समोरचा माणूस कंट्रोल-सी दाबून मोकळा. शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'सगळ्या फाइल' या अर्थाचं * हे चिन्ह लावून आज्ञा दिली तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' असं उत्तर येतं. आणि तिसरं, मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं कारण: काम तुकड्यांत वाटता येणं. बॅकअप, तपासणी, एका डिस्कवरून दुसरीकडे हलवणं, हे सगळं 'एक भलंमोठं ओझं' असण्याऐवजी '२५६ छोटी गाठोडी' असं झालं की दहा गाठोडी एकाच वेळी उचलता येतात, आणि एखादं अर्ध्यात सुटलं तर तेवढंच पुन्हा करता येतं.

पहिल्या अक्षराचा मोह

वाटून ठेवायचं म्हटलं की पहिला विचार येतो तो नावाच्या पहिल्या अक्षराचा. नाव 'एस'ने सुरू होतंय, टाका 'एस'च्या कप्प्यात. माणसाला समजायला सोपं, हाताने शोधायलाही सोपं. सायरस आयमॅप सर्व्हरमध्ये ही सोय फार पूर्वीपासून आहे. तिथे एक गंमतही आहे: नाव इंग्रजी छोट्या अक्षराने सुरू होत नसेल, उदाहरणार्थ आकड्याने, तर ते गुपचूप 'क्यू'च्या कप्प्यात जातं, कारण तो तसाही ओसच असतो.

खोट इथेच आहे. नावं अक्षरांमध्ये सारखी विभागलेली नसतात. 'एस', 'ए', 'एम' हे कप्पे फुगतात, 'एक्स' आणि 'क्यू' रिकामे राहतात. आणि खाती जर कर्मचारी क्रमांकावरून बनवलेली असतील, सगळी 'ईएमपी'ने सुरू होणारी, तर मग बोलायलाच नको: सगळं गाव एकाच कप्प्यात. दुसरं अक्षर घेऊनही तेच, तिसरं घेऊनही तेच. क्रमांक असेल तर शेवटचे दोन आकडे घेणं जास्त शहाणपणाचं, कारण क्रमांक वाढतो तसे तेच भराभर बदलतात.

पहिलं आणि दुसरं अक्षर अशी दोन पातळ्यांची मांडणी करणाऱ्यांसाठी एक सापळाही आहे. 'आकाश' नावाचं खातं, इंग्रजीत दोन 'ए'ने सुरू होणारं, 'ए'मधल्या 'ए'मध्ये जाईल. ठीक. आता एकाच अक्षराचं खातं उघडलं, नुसतं 'ए'. त्याला दुसरं अक्षरच नाही, म्हणून ती पातळी रिकामी राहते आणि मेलबॉक्स तयार होतो थेट 'ए'मधला 'ए'. म्हणजे जी डिरेक्टरी आकाशसारख्या सगळ्यांचा कप्पा होती, तीच आता एका माणसाचा मेलबॉक्सही झाली. ते खातं पुढे कधी डिरेक्टरीसकट पुसलं, तर काय काय जाईल याचा विचार करून ठेवा.

हॅश काय करतं

हॅश म्हणजे असं गणित, जे कुठल्याही मजकुरापासून ठरावीक लांबीचा आकडा काढतं. दोन गुण महत्त्वाचे. तोच मजकूर दिला तर दरवेळी तोच आकडा येतो. आणि मजकूर किंचित बदलला तरी आकडा पार बदलतो. एमडी५ हे त्यातलं सर्वांच्या ओळखीचं. त्याचं उत्तर १२८ बिटांचं, म्हणजे सोळा चिन्हांच्या पद्धतीत (० ते ९ आणि 'ए' ते 'एफ') लिहिलं तर ३२ अक्षरांचं असतं. त्यातली पहिली दोन अक्षरं घेतली की झाले २५६ कप्पे.

'अ‍ॅडमिन' हे इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहून एमडी५ काढलं तर सुरुवात होते २१ने. 'रूट'ची ६३ने, 'टेस्ट'ची ०९ने, 'गेस्ट'ची ०८ने. 'टेस्ट' आणि 'गेस्ट' शेजारच्या कप्प्यांत पडले हा निव्वळ योगायोग. नावात काय आहे याचा कप्प्याशी संबंध राहत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. एक लाख खाती २५६ कप्प्यांत टाकली तर प्रत्येकात सरासरी ३९० येतात, आणि बहुतेक कप्पे ३३० ते ४५०च्या दरम्यान राहतात. 'ईएमपी' असो की आडनाव, वाटणी सारखीच.

इथे दरवेळी कुणीतरी हात वर करतं: एमडी५ तर तुटलेलं आहे ना? डिजिटल सह्या आणि पासवर्ड यांच्यासाठी आहेच. पण इथे कुणापासून काही लपवायचं नाही. दोन नावं एकाच कप्प्यात आली तरी बिघडत नाही, कारण कप्प्याच्या आत डिरेक्टरीला पूर्ण नावच असतं. सीआरसी३२सारखं साधं गणितही चालेल. अडचण येऊ शकते ती फिप्स मोडमध्ये (अमेरिकी सरकारच्या सुरक्षा मानकांप्रमाणे) चालणाऱ्या सर्व्हरवर, जिथे एमडी५ वापरायलाच बंदी असते आणि स्क्रिप्ट अचानक कोलमडते.

खऱ्या चुका गणितात नसतात, गणिताला काय दिलं त्यात असतात. शेलमध्ये 'एको'ने नाव पाठवलं की शेवटी एक न दिसणारं ओळ-बदलाचं चिन्ह जोडलं जातं. 'हॅलो'चं एमडी५ सुरू होतं ५डीने. 'एको'तून पाठवलेल्या 'हॅलो'चं सुरू होतं बी१ने. सर्व्हर एका कप्प्यात शोधतो, स्क्रिप्टने मेलबॉक्स बनवलेला असतो दुसऱ्याच. 'प्रिंटएफ' वापरलं की हा घोळ होत नाही. तसंच मोठ्या-छोट्या अक्षरांचं: हॅश काढण्याआधी नाव छोट्या अक्षरांत आणलं नाही, तर एकाच माणसाचे दोन मेलबॉक्स होतात आणि निम्मी डाक 'हरवते'. अधिक चिन्हानंतरची शेपटी असलेला पत्ता असेल तर ती शेपटीही आधी कापायला हवी. आणि पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी त्या भाषेतलं अंगचं 'हॅश' फंक्शन यासाठी मुळीच वापरू नये. ३.३ या आवृत्तीपासून मजकुरासाठी ते दर वेळी प्रोग्रॅम सुरू झाला की वेगळा आकडा देतं, आणि ते सुरक्षेसाठी मुद्दाम तसं केलेलं आहे.

डव्हकॉट या मेल सर्व्हरमध्ये हे सगळं स्क्रिप्टशिवाय होतं. मेलबॉक्सचा पाथ, म्हणजे डिस्कवरचा पत्ता, लिहिताना नावाचा हॅश, तो किती कप्प्यांत वाटायचा, हे तिथेच सांगता येतं. फक्त २.४ या आवृत्तीत ही चिन्हं लिहायची पद्धत बदलली आहे, तेव्हा जुन्या २.३च्या ओळी जशाच्या तशा चिकटवू नका.

किती पातळ्या?

बहुतेक ठिकाणी एक. मला दोन पातळ्यांचं आकर्षण कधी कळलं नाही. दोन-दोन अक्षरांच्या दोन पातळ्या म्हणजे ६५,५३६ कप्पे. एक लाख खात्यांना एका कप्प्यात सरासरी दीड माणूस. ईएक्सटी४वर प्रत्येक डिरेक्टरीला किमान एक आयनोड (फाइल सिस्टिममधली क्रमांक असलेली नोंद) आणि चार किलोबाइटचा ठोकळा लागतो, म्हणजे नुसत्या रिकाम्या कप्प्यांनाच २५६ मेगाबाइट. जागेचं एवढं काही नाही. पण बॅकअपचा प्रोग्रॅम प्रत्येक कप्पा उघडून आत डोकावणार, आणि या सगळ्या डिरेक्टरी कर्नलच्या कॅशमध्ये, म्हणजे हाताशी ठेवलेल्या मेमरीत, जागा अडवणार, ती जागा खऱ्या डाकेच्या कामी आली असती. एका कप्प्यात काहीशे ते हजार-दोन हजार मेलबॉक्स हे आजच्या फाइल सिस्टिमला किरकोळ आहे. आणि एकूण खातीच दोन-चार हजार असतील तर हॅशच्या वाटेला जाऊच नका. सपाट मांडणी वाचायला सोपी आणि चुकायला अवघड.

डोमेन अनेक असतील तर थोडा वेगळा विचार. 'इन्फो' आणि 'अ‍ॅडमिन' ही खाती जवळपास प्रत्येक डोमेनमध्ये असतात. पाथमध्ये डोमेनची पातळी नसेल आणि हॅश फक्त ॲट चिन्हाच्या आधीच्या भागाचा काढला, तर जगातले सगळे 'इन्फो' एकाच कप्प्यात गोळा होतील. अशा वेळी पूर्ण पत्त्याचा हॅश घ्यावा. उलट दहा हजार डोमेन आणि प्रत्येकात पाच-पाच खाती असतील, तर प्रत्येक डोमेनखाली २५६ कप्पे करणं वेडेपणा. तिथे डोमेनच्याच नावाचा हॅश काढून डोमेन वाटावेत.

मेलबॉक्सपेक्षा या वाटणीचा खरा फायदा जिथे होतो ती जागा म्हणजे रांग, म्हणजे पुढे जायच्या प्रतीक्षेत असलेली पत्रं. तिथे क्षणाक्षणाला फाइल तयार होतात आणि पुसल्या जातात, त्यामुळे वर सांगितलेलं डिरेक्टरीचं कुलूप तिथेच नडतं. प्रत्येक सर्व्हरची तऱ्हा निराळी. क्यूमेल पत्राच्या फाइलच्या आयनोड क्रमांकाला २३ने भागतं आणि बाकी उरेल त्या कप्प्यात ते पत्र टाकतं. २३ कारण ती मूळ संख्या आहे. एक्झिममध्ये वाटणी सुरू केली की पत्राच्या ओळख क्रमांकातलं सहावं अक्षर कप्पा ठरवतं. पहिली सहा अक्षरं म्हणजे सेकंदांत मोजलेली वेळ, त्यातलं सहावं दर सेकंदाला बदलतं, म्हणून कप्पे ६२. पोस्टफिक्स जुन्या छोट्या ओळख क्रमांकाचं पहिलं अक्षर घेतं, आणि ते येतं मायक्रोसेकंदांच्या आकड्यातून. मायक्रोसेकंद दहा लाखांच्या आतच संपतात, त्यामुळे सोळा कप्प्यांपैकी शेवटच्या 'एफ'च्या वाट्याला जेमतेम १.७ टक्के पत्रं येतात. कामात काही फरक पडत नाही. यातल्या कुणीही एमडी५ वापरलेलं नाही हे लक्षात घेण्यासारखं: हाताशी भराभर बदलणारा आकडा असेल तर हॅश कशाला?

पाथ लिहून ठेवा

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. हॅशचं कौतुक करताना नेहमी म्हटलं जातं की 'नावावरून पाथ काढता येतो, म्हणून कुठे नोंद ठेवायची गरज नाही'. हाच गुण पुढे गळ्याशी येतो. आज २५६ कप्पे, उद्या १,०२४ करावेसे वाटले, की सर्व्हर प्रत्येक मेलबॉक्स नव्या जागी शोधू लागतो आणि जुना त्याला दिसेनासा होतो. काही सर्व्हर तर जुना सापडला नाही की मुकाट्याने नवा कोरा मेलबॉक्स बनवतात. माणूस इनबॉक्स उघडतो आणि तो रिकामा. डाक डिस्कवर शाबूत आहे, पण हे त्याला फोनवर समजावून सांगताना घाम फुटतो.

अनेक डिस्कवर वाटणी असेल तर हे आणखी ठळक होतं. चार डिस्क आहेत, हॅशला चारने भागून बाकी घेतली, की डिस्क ठरली. पाचवी डिस्क आणली आणि पाचने भागायला लागलो, तर वीसपैकी चारच मेलबॉक्स जागेवर राहतात. ८० टक्के हलवावे लागतात. १९९७ साली एमआयटीतल्या डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं कन्सिस्टंट हॅशिंग नेमकं यासाठीच आहे: नवी जागा आली की फक्त तिच्या वाट्याचं तेवढंच हलतं. वेबच्या कॅशसाठी ते उत्तम. मेलबॉक्ससाठी मात्र त्याहून साधा उपाय आहे.

खातं उघडताना हॅश एकदाच काढायचा, त्यावरून पाथ ठरवायचा, आणि तो पाथ वापरकर्त्याच्या नोंदीत, डेटाबेसमध्ये किंवा एलडॅप या वापरकर्त्यांच्या नोंदवहीत लिहून टाकायचा. तिथून पुढे सर्व्हरने नोंद वाचायची, गणित करायचं नाही. हॅशचं काम फक्त नव्या खात्याला जागा सुचवणं. मग उद्या मांडणी बदलली तरी जुनी खाती जुन्या पाथवर सुखाने राहतात, फुगलेल्या डिस्कवरचे चार जड मेलबॉक्स उचलून दुसरीकडे नेता येतात, आणि डिस्क वाढवल्या तर नवी खाती तिकडे पाठवता येतात. क्यूमेलची खाती सांभाळणारा व्हीपॉपमेल हा प्रोग्रॅम तर हॅशच काढत नाही. एक डिरेक्टरी ठरावीक संख्येपर्यंत भरली की पुढच्या खात्यांसाठी दुसरी उघडतो, आणि कोण कुठे आहे ते नोंदीत लिहून ठेवतो. काम तेवढंच चोख होतं.

हलवताना दोन-तीन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. त्याच फाइल सिस्टिमवर डिरेक्टरी सरकवणं क्षणाचं काम आहे, मेलबॉक्स कितीही मोठा असो, कारण फक्त यादीतली नोंद बदलते. दुसऱ्या डिस्कवर न्यायचं तर खरी नक्कल करावी लागते, आणि तिथे फाइलची मूळ वेळ जपली पाहिजे. मेलडिरमध्ये डव्हकॉट पत्र कधी आलं हे फाइलच्या वेळेवरूनच सांगतं. ती गेली तर वर्षांची डाक 'आज आली' असं दिसेल. मेलबॉक्समधली 'डव्हकॉट-यूआयडीलिस्ट' ही फाइलही सोबत जायलाच हवी. ती मागे राहिली की प्रत्येक फोन आणि लॅपटॉप आपली सगळी डाक नव्याने उतरवू लागतो, आणि शेकडो लोकांनी हे एकदम केलं की सर्व्हर आडवा. नक्कल चालू असताना त्या खात्याला येणारी डाक तात्पुरती नाकारावी, कायमची नाही. पाठवणारा सर्व्हर ती स्वतःच्या रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो; पोस्टफिक्स मूळ सेटिंगप्रमाणे पाच दिवस वाट पाहतं. एवढ्या वेळात कितीही मोठा मेलबॉक्स हलवून होतो.

यातलं काहीही एका प्रकारच्या दुखण्यावर लागू पडत नाही, ते म्हणजे एकाच माणसाची पाच लाख पत्रं. वापरकर्ते कसेही वाटा, त्याच्या 'कर' डिरेक्टरीत पाच लाख फाइल राहणारच. तिथे डव्हकॉटचा एमडीबॉक्ससारखा प्रकार उपयोगी पडतो. तो अनेक पत्रं एका फाइलमध्ये बांधतो आणि कुठलं पत्र कुठे आहे ते निर्देशांकात ठेवतो. फाइलची संख्या घटते, बॅकअप हलका होतो. पण तो निर्देशांक बिघडला तर मेलडिरसारखं नुसत्या फाइल चाळून सगळं जसंच्या तसं उभं करता येत नाही. असा मेलबॉक्स एखाद-दुसराच असेल, तर वर्षानुसार अर्काइव्ह फोल्डर करायला त्या माणसाला राजी करणं जास्त स्वस्त पडतं.